प्रबंधाचे शब्द तपासले जातात, आकड्यांचे काय?

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयातून पीएचडीचा प्रबंध सादर व्हायचा असेल, तर आधी तो साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम याबाबत भलतेच बारकाईने लिहिलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत सुधारून पुन्हा सादर करा, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य हिशेबात धरायचे की नाही, इथवर विचार झालेला आहे. आणि त्याच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ‘सोन्याच्या क्लस्टरची ग्वानिनशी बंधऊर्जा १.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट’ असे छापलेले असले, (ग्वानिन हा डीएनएचा एक घटक, बंधऊर्जा म्हणजे दोघांना वेगळे करायला लागणारी ऊर्जा) तर तो १.०३ कुठून आला हे विचारणारे कलम त्यात नाही. वाक्य कुठून उचललेले नाही ना, एवढे पाहिले की काम झाले. आकडा साफ चुकलेला असला तरी सॉफ्टवेअरच्या लेखी तो शंभर टक्के मौलिक.

संगणकीय विषयातल्या प्रत्येक प्रबंधासोबत त्यामागच्या इनपुट फायली, रचनांचे अंतिम निर्देशांक (कोणता अणू कुठे आहे ते आकडे) आणि आउटपुट फायली सार्वजनिक ठिकाणी जमा करणे ही पदवीची अट असली पाहिजे. आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी परीक्षकांपैकी एकाने तक्त्यातली निदान एक ओळ त्या फायलींवरून पुन्हा चालवून पाहिली पाहिजे. मागणी एवढीच आहे. ती का करावी लागते, हे धातूंचे नॅनोक्लस्टर आणि जैवरेणू या एका विषयाच्या आधारे नीट दाखवता येते, कारण आकडा किती सहज घसरतो हे इथे लख्ख दिसते.

नॅनोक्लस्टर म्हणजे धातूच्या दोन-चार अणूंपासून शंभर-दोनशे अणूंपर्यंतचा पुंजका. सोन्याची लगड रासायनिकदृष्ट्या सुस्त असते. पण काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण ऑक्साइडवर बसवले की ते शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८०च्या दशकात दाखवले. पुंजके आणखी लहान झाले की एकेका अणूने फरक पडू लागतो. सोन्याच्या २० अणूंचा क्लस्टर चतुष्फलकाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमधले अंतर १.७७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, हे २००३ मध्ये प्रयोगाने कळले. हा पुंजका जेमतेम एक नॅनोमीटरचा. अशा क्लस्टरची जैवरेणूंशी जोडी जमवण्यात साऱ्या जगाला रस आहे. २००४ मध्ये सायटोसिनयुक्त डीएनएच्या धाग्यावर चांदीचे चमकणारे क्लस्टर तयार झाले. २००९ मध्ये गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात सोन्याचे क्षार घालून, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२च्या आसपास नेऊन, ३७ अंशांवर सुमारे १२ तास ठेवले की लाल प्रकाश देणारा २५ अणूंचा क्लस्टर मिळतो हे दिसले. पेशींची चित्रे, निदानाचे सेन्सर, औषध पोचवणे अशी स्वप्ने त्यातून येतात. खारघरला टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर असल्याने म्हणा, पण आपल्याकडच्या अशा प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणात कर्करोगाचे नाव बहुधा येतेच.

प्रयोगात वर्णपट मिळतो. कोणता अणू कोणत्या अणूला चिकटला आहे, हे मात्र बहुतेक वेळा थेट दिसत नाही. तिथे गणित मदतीला येते. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलेली, इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी घनता फलन पद्धत, म्हणजे डीएफटी, आज या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. १९९८ मध्ये कोन यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. आणि ही पद्धत ठाणे ते पनवेल पट्ट्यातल्या महाविद्यालयाला परवडणारी आहे. महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही, द्रव हीलियम लागत नाही. क्वांटम एस्प्रेसो आणि सीपी२के हे प्रोग्रॅम मोफत आहेत, ऑर्का शैक्षणिक कामासाठी मोफत आहे. ३२ कोअर आणि १२८ जीबी मेमरी असलेल्या एका वर्कस्टेशनवर २० अणूंचा सोन्याचा क्लस्टर आणि १६ अणूंचे ग्वानिन यांचे गणित आरामात बसते. म्हणूनच हा विषय निवडणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत, आणि ते असावेत. माझा आक्षेप विषय निवडण्याला नाही.

अडचण अशी की प्रोग्रॅम कधीही ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. काहीही दिले तरी तो सहा दशांश स्थळांपर्यंत आकडा देतो.

पहिली घसरण रचनेपाशी होते. क्लस्टरचे अणू कसे मांडायचे याचे पर्याय अणूंच्या संख्येबरोबर भयानक वेगाने वाढतात. अणूंमधले बल अगदी साधे, लेनर्ड-जोन्स प्रकारचे धरले तरी १३ अणूंच्या पुंजक्याला सुमारे दीड हजार वेगवेगळ्या स्थिर रचना असतात. प्रोग्रॅमला ज्या रचनेपासून सुरुवात करून द्याल, तिच्या जवळच्या खळग्यात, म्हणजे आसपासच्या सर्वात कमी ऊर्जेच्या रचनेत, तो जाऊन बसतो. त्याहून खोल खळगा पलीकडे असेल तर तो त्याला दिसत नाही. मग क्लस्टरच्या कोपऱ्यावर, कडेवर, पृष्ठावर, आणि ग्वानिनच्या नायट्रोजन-७ जवळ, नायट्रोजन-३ जवळ, ऑक्सिजनजवळ असे सगळे मेळ घालून किमान चाळीस-पन्नास सुरुवाती करायला हव्यात. एखाद्या प्रबंधात तीनच केलेल्या असतात आणि तिघांतली कमी ऊर्जेची रचना ‘सर्वात स्थिर’ म्हणून छापली जाते. किती सुरुवाती केल्या हे मजकुरात बहुधा नसतेच. सोन्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सापेक्षतावादी परिणामांमुळे सोन्याचे लहान क्लस्टर सपाट राहणे पसंत करतात, आणि सपाटपणा कितव्या अणूपर्यंत टिकतो याचे उत्तर कोणते फंक्शनल (डीएफटीतले ऊर्जेचे अंदाजे सूत्र) घेतले त्यावर बदलते. म्हणजे फंक्शनल बदलले की ज्याला जैवरेणू चिकटवायचा तो क्लस्टरच बदलतो.

दुसरी घसरण स्पिनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माची. सोन्याच्या किंवा चांदीच्या अणूंची संख्या विषम असली आणि क्लस्टर उदासीन असला तर एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. इनपुटमध्ये स्पिनची बहुलता (जोडीविना इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) २ द्यावी लागते. गॉसियनसारखा प्रोग्रॅम इथे १ दिल्यास अडतो. क्वांटम एस्प्रेसोसारख्या प्लेन वेव्ह प्रोग्रॅममध्ये मात्र स्पिन सुरू करायचे राहिले तर गणित निमूट पूर्ण होते, आणि ऊर्जा चुकीची येते. लोह, कोबाल्ट, प्लॅटिनम यांच्या क्लस्टरमध्ये तर एकमेकांच्या अगदी जवळ अनेक चुंबकीय स्थिती असतात; त्यातल्या चार-पाच तरी चालवून पाहाव्या लागतात. कोणत्या पाहिल्या, हे इनपुट फाइल बघितली की दोन मिनिटांत कळते. प्रबंधाची पीडीएफ वाचून कधीच कळत नाही.

आता बंधऊर्जा. जोडीची ऊर्जा घ्या, त्यातून क्लस्टरची आणि रेणूची वेगवेगळी ऊर्जा वजा करा; वजाबाकी सोपी दिसते. पण या तीन आकड्यांपैकी प्रत्येक हजारो इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि उत्तर एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉन मांडायला घेतलेल्या गणिती फलनांचा संच, छोटा असला तर जोडीतला रेणू शेजारच्या क्लस्टरची बेसिस फलने उसनी घेतो, त्यामुळे जोडी आहे त्यापेक्षा जास्त घट्ट दिसते. त्यासाठी बॉइज आणि बर्नार्डी यांची १९७०ची काउंटरपॉइज दुरुस्ती करावी लागते. ती न केल्यास एक-दोन दशांश इलेक्ट्रॉन व्होल्टची फुगवटी सहज राहते. उलट बाजूने, बी३एलवायपी किंवा पीबीई ही फंक्शनल नुसती वापरली तर लांब पल्ल्याचे विरळ आकर्षण, म्हणजे डिस्पर्शन, हिशेबातच येत नाही. सपाट वलयाचा ग्वानिन धातूवर आडवा पडला असेल तर ही तूट मोठी असते. एक चूक आकडा वाढवते, दुसरी घटवते. दोन्ही केल्या तर बेरीज कधीकधी छापील साहित्याशी छान जुळते. असला जुळलेला आकडा मला सर्वात धोकादायक वाटतो, कारण त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

एक-दोन दशांशांनी असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. अशा प्रबंधांत जवळपास हमखास असणारा एक दावा घेऊ: ‘हा क्लस्टर उत्तम सेन्सर आहे, कारण रेणू चिकटतो आणि योग्य वेळात सुटतो.’ सुटण्याचा वेळ काढायचे सूत्र सोपे आहे. रेणू सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा सुटायचा प्रयत्न करतो असे धरतात, आणि प्रत्येक प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता बंधऊर्जा भागिले तापमानाची ऊर्जा या घातांकाने घटते. ३०० केल्व्हिनला तापमानाची ऊर्जा ०.०२५९ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. बंधऊर्जा १.० असेल तर सुटायला लागतात साधारण साडेसतरा तास. ती ०.८ असेल तर २८ सेकंद. १.२ असेल तर साडेचार वर्षे. म्हणजे काउंटरपॉइज विसरणे किंवा डिस्पर्शन गाळणे यांतली एकच गोष्ट ‘झटपट परत वापरता येणारा सेन्सर’ आणि ‘एकदा चिकटला की कायमचा’ या दोहोंत अदलाबदल करू शकते. एवढे असून तक्त्यात सुटण्याचा वेळ दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो.

हे सगळे निर्वातात आणि शून्य केल्व्हिनला. शरीरात पाणी असते. ग्लायसिनसारखे साधे अमिनो आम्ल निर्वातात उदासीन असते, पाण्यात त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार येतो. निर्वातातली रचना पाण्यात आहे असे धरून निष्कर्ष काढणे म्हणजे वेगळ्याच रेणूचा अभ्यास करणे. सिस्टीनचे तसेच. त्याचा सल्फर सोन्याला घट्ट बसतो तो हायड्रोजन गमावल्यावर. हायड्रोजनसकट बसवला तर बंध कितीतरी सैल येतो. प्रबंधात नुसते ‘सिस्टीन’ लिहिलेले असते, आणि हायड्रोजन होता की नव्हता हे चित्रातल्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखावे लागते. दोन मोकळे रेणू एक झाले की एन्ट्रॉपी घटते, त्याची किंमत खोलीच्या तापमानाला ढोबळमानाने ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. ती काढायला कंपनांची वारंवारता लागते. ३६ अणूंच्या जोडीत प्रत्येक अणू तीन दिशांना पुढे-मागे हलवायचा, म्हणजे २१६ स्वतंत्र गणिते. वेळखाऊ काम, म्हणून ते गाळले जाते. ते गाळले की सापडलेली रचना खरोखर खळग्यात आहे की दोन खळग्यांमधल्या खिंडीवर, हेही कळत नाही.

अल्ब्युमिनच्या बाबतीत तर सुमारे ५८३ अमिनो आम्लांतली दोन-तीन उचलून बाकीचे प्रथिन फेकून द्यावे लागते. त्यात गैर काही नाही, कुठे कापले ते सांगितले म्हणजे झाले.

जाता जाता एका फॅशनबद्दल. भरलेल्या सर्वात वरच्या आणि रिकाम्या सर्वात खालच्या पातळीच्या ऊर्जांवरून रासायनिक विभव, कठीणता, मृदुता, विद्युतऋणता, इलेक्ट्रोफिलिसिटी असे पाच-सहा स्तंभांचे तक्ते दिले जातात. ते सगळे स्तंभ दोनच आकड्यांच्या बेरीज-वजाबाकी-भागाकारातून निघतात. नवी माहिती त्यांत शून्य असते. फंक्शनल बदलले की पातळ्यांमधले अंतर बदलते आणि अख्खा तक्ता हलतो. असे तक्ते प्रबंधातून पूर्ण काढून टाकले तर विज्ञानाचे काहीही नुकसान होणार नाही, फक्त पाने कमी भरतील.

यातली बहुतेक प्रत्येक चूक फायली असत्या तर पकडता आली असती. आणि फायली नसल्या तर प्रामाणिक, नीट केलेले कामही पुन्हा करता येत नाही. हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. ‘बी३एलवायपी वापरले’ हे वाक्य पुरेसे वाटते. पण गॉसियनमधल्या आणि ऑर्कामधल्या बी३एलवायपीत आतल्या सहसंबंध घटकाची वेगवेगळी आवृत्ती आहे; तोच शब्द टाइप केला तर दोन प्रोग्रॅम दोन वेगळ्या ऊर्जा देतात, आणि ऑर्काला गॉसियनशी जुळवायचे तर वेगळा कीवर्ड द्यावा लागतो. गॉसियनच्या २००९च्या आणि २०१६च्या आवृत्तीत न सांगता वापरली जाणारी संख्यात्मक जाळीच वेगळी आहे. डिस्पर्शनची डी३ दुरुस्ती दोन प्रकारच्या डॅम्पिंगने येते. सोन्याच्या अणूतले ६० आतले इलेक्ट्रॉन झाकून १९ हिशेबात घेणारे विभव असते, तसेच ११च घेणारेही असते. इतके सगळे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात कोणी लिहीत नाही, लिहावे अशी अपेक्षाही रास्त नाही. इनपुट आणि आउटपुट फायलींत ते आपोआप असते.

नीट सांगितले तर पुनरावृत्ती जमते, हे सिद्ध झालेले आहे. २०१६ मध्ये १५ वेगवेगळ्या डीएफटी प्रोग्रॅमनी ७१ मूलद्रव्यांच्या स्फटिकांवर एकच गणित करून पाहिले. आधुनिक प्रोग्रॅमांची उत्तरे एकमेकांशी उत्तम जुळली. स्फटिकशास्त्रज्ञांनी तर हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सोडवला. प्रथिनांच्या रचनांची सार्वजनिक पेढी १९७१ पासून आहे, केंब्रिजची लहान रेणूंची त्याही आधीची, १९६५ची. निर्देशांक जमा केल्याशिवाय नवी स्फटिकरचना छापून आणणे आज जवळपास अशक्य आहे. ज्या शाखेत खऱ्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून मोजमाप होते तिथे ही सक्ती, आणि ज्या शाखेत सगळे कामच फायलींचे आहे तिथे सूट, याला काय म्हणावे?

जमा काय करायचे, तर फार थोडे. ३६ अणूंच्या एका रचनेची निर्देशांकांची फाइल दोन किलोबाइटची. दोनशे रचना असल्या तरी चारशे किलोबाइट; मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जड असतो. इनपुट फायली तितक्याच हलक्या. आउटपुट फायली प्रत्येकी काही मेगाबाइटच्या, दाबून ठेवल्या तर अख्खा प्रबंध एखाद्या पेनड्राइव्हवर मावतो. तरंगफलनाच्या अवाढव्य फायली लागत नाहीत, त्या पुन्हा तयार होतात. सोबत एक साधी मजकूर फाइल: प्रबंधातल्या कोणत्या तक्त्याची कितवी ओळ कोणत्या फोल्डरमधून आली. खरे कष्ट याच फाइलचे आहेत, आणि ती पाच वर्षांनी बसून लिहायची म्हटली तर लिहिली जात नाही. रोजच्या रोज लिहावी लागते. ठेवायला जागाही आहे. सर्नने २०१३ पासून चालवलेले झेनोडो हे फायली ठेवायचे संकेतस्थळ एका नोंदीला ५० जीबीपर्यंत मोफत जागा आणि कायमचा डीओआय क्रमांक देते. पदार्थविज्ञानाच्या गणितांसाठी नोमॅड आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची शोधगंगा ही प्रबंधांची ऑनलाइन पेढी प्रबंधाची पीडीएफ घेतेच. त्याच नोंदीत डीओआयसाठी एक सक्तीचा रकाना घातला तरी निम्मे काम होईल.

आक्षेप येतील. परवान्याचा आक्षेप खरा आहे: वास्प या प्रोग्रॅमच्या विभवाच्या फायली इतरांना वाटता येत नाहीत. मग त्या वाटू नयेत. विभवाचे नाव आणि तारीख असलेली शीर्षकाची ओळ द्यावी, ज्याच्याकडे परवाना आहे तो ती शोधून काढेल. आपले काम कोणी आधी छापून टाकेल, ही भीतीही समजण्यासारखी आहे. त्यासाठी वर्ष-दोन वर्षे नोंद बंद ठेवता येते, परीक्षकाला तेवढा प्रवेश द्यायचा. परीक्षकांना वेळ नसतो हे तर सर्वांना माहीत आहे. पण अंतिम रचना हातात असेल तर एका जोडीच्या आणि तिच्या दोन तुकड्यांच्या ऊर्जा काढणे म्हणजे वर्कस्टेशनवर एका रात्रीचे काम आहे, रचना पुन्हा शोधायची नाही. परीक्षकाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते केले तरी चालेल. ओळ कोणती, हे परीक्षकाने निवडावे, मार्गदर्शकाने नव्हे.

एक आक्षेप मात्र मला मान्य नाही: ‘आधी आम्हाला यंत्रे द्या, मग फायली मागा.’ ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या दिसतात, आणि पलीकडच्या महाविद्यालयात विद्यार्थी एका डेस्कटॉपवर आठवडाभर जॉब चालवत बसलेला असतो, ही विसंगती डोळ्यांत खुपते हे खरे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहीम २०१५ मध्ये ४,५०० कोटींच्या तरतुदीने सुरू झाली, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसला. संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तिथे वेळ कसा मागायचा हे कोणी समजावून सांगायला हवे. वीज हाही प्रश्न आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, तेव्हा चेकपॉइंट (मधल्या टप्प्यावर जतन केलेली प्रत) न ठेवलेले जॉब पहिल्यापासून करावे लागले असणार. पण यातले काहीही दोन किलोबाइटची फाइल जपून ठेवायच्या आड येत नाही. उलट यंत्रे वाढली आणि शिस्त नाही वाढली, तर न तपासता येणारे आकडे दहापट वेगाने तयार होतील, बाकी काही बदलणार नाही.

हे आत्ताच करायचे एक कारण आहे. आयोगाच्या २०२२च्या विनियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली. चांगले झाले, त्या सक्तीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे उखळ पांढरे होत होते. पण चांगल्या नियतकालिकातला एखादा समीक्षक ‘काउंटरपॉइज केले का’ असे विचारायचा, तो बाहेरचा डोळाही त्याबरोबर सक्तीचा राहिला नाही. आता मार्गदर्शक आणि दोन बाह्य परीक्षक यांच्यावरच सारी मदार आहे, आणि त्यांच्यापुढे येते ती फक्त पीडीएफ. पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम करावाच लागतो. त्यातली वाङ्‌मयचौर्याची व्याख्याने थोडी कमी करून एक दुपार फायली कशा ठेवायच्या यावर घालवली तर आभाळ कोसळणार नाही.

सुरुवात नोंदणीच्या वेळीच व्हायला हवी. संशोधन मान्यता समिती विषयाचा आराखडा पाहते तेव्हाच ‘फायली कुठे आणि कोणत्या स्वरूपात ठेवणार’ हा प्रश्न विचारावा, दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात तोवरचे फोल्डर दाखवायला लावावे. नियम येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. कोणताही मार्गदर्शक आपल्या प्रयोगशाळेपुरता तो उद्या लागू करू शकतो. फक्त एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल: जिंकलेल्या रचनेबरोबर हरलेल्या रचनाही जमा करा. चाळीस सुरुवातींपैकी एकोणचाळीस वरच्या ऊर्जेला थांबल्या, त्या प्रबंधात कधीच येत नाहीत आणि संगणक बदलला की पुसल्या जातात. पुढचा विद्यार्थी ग्वानिनच्या जागी थायमिन हा डीएनएचा दुसरा घटक घेतो तेव्हा त्याला त्याच चाळीस जागा तपासायच्या असतात, आणि त्या एकोणचाळीस फायली हाताशी असल्या तर त्याचे पहिले वर्ष क्लस्टर हाताने मांडण्यात जात नाही.